हसणारीची सही

समाजाचा ऱ्हास नेमका कोणत्या क्षणी सुरू होतो, हे सांगणे भल्याभल्या इतिहासकारांना जमलेले नाही. श्रवणतज्ज्ञाला जमले होते. काल संध्याकाळी, सात वाजून दोन मिनिटांनी. 'बेल वाजली वाटतं' या विनोदी मालिकेचा शेवटचा भाग सुरू झाला, आणि पहिल्या विनोदावर कोणी हसलेच नाही.

दुसऱ्यावरही नाही. सतरा वर्षे ज्या मालिकेत नुसते दार उघडले तरी मागे हशा पिकायचा, तिच्या शेवटच्या भागात भाडेकरूंनी सामान बांधले, एकमेकांची माफी मागितली, आणि म्हातारा घरमालक रिकाम्या खोलीत चार मिनिटे खिडकीकडे बघत बसला. चार मिनिटे. श्रवणतज्ज्ञाने घड्याळ लावून मोजली. सकाळी पेपरात एका समीक्षकाने याला 'शांततेचे धाडस' म्हटले होते.

"धाडस म्हणे," तो लिहिता लिहिता म्हणाला. "आमच्यात याला बहिरेपणा म्हणतात."

आमच्यात म्हणजे धंद्यात. त्याच्या दवाखान्यात काचेची एक बंद खोली होती. तीत माणसाला बसवायचे, कानांवर हेडफोन चढवायचे, आवाज आला की बटण दाबायला सांगायचे. कोणाला किती ऐकू येते हे तो कागदावर रेघ काढून दाखवी, आणि त्या रेघेपुढे मोठमोठ्या साहेबांचे काही चालत नसे.

आता घरात त्याच्या समोर मेहुणा बसला होता, बायकोचा थोरला भाऊ. त्याला शेवट आवडला होता. हा गुन्हा त्याने चहा यायच्या आधीच कबूल केला होता.

"जावईबापू, मला तर भरून आलं."

"तुम्हाला साबणाच्या जाहिरातीतही भरून येतं, दादा."

"अहो, माणसं घर सोडून जाताना कोण हसतं?"

"आम्ही. सतरा वर्षं तेच तर केलंय."

हे 'आम्ही' उगाच नव्हते. मालिकेतला हशा पहिल्या भागाच्या चित्रीकरणाला आलेल्या प्रेक्षकांचा होता, आणि तोच पुढे दर आठवड्याला वाजवला गेला. त्यात एक बाई सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा हसायची. दोन छोटे धक्के, एक दम, आणि शेवटी नाकातून बारीक शिट्टी. त्या चित्रीकरणाचा पास त्याला मिळाला होता. दवाखाना बंद ठेवता येईना म्हणून त्याने बायकोला पाठवले. पहिला भाग लागला, शिट्टी वाजली, आणि त्याने बसल्या जागी निदान केले. तेव्हापासून पाहुणे आले की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा, बोट वर करायचा आणि म्हणायचा, "ही आमची."

घरात ती तशी हसत नसे. खरे तर घरात ती फारशी हसतच नसे. पण आठवड्यातून अर्धा तास ती त्याच्या देखत खदखदून हसायची, आणि तेवढे त्याला पुरायचे. आपला संसार सुखाचा आहे याचा त्याच्याकडे ध्वनिमुद्रित पुरावा होता. तो वाहिनीने काल पुसून टाकला होता.

वाहिनीला लिहायला घेतलेले पत्र तीन पानी झाले. पहिल्या पानावर वाहिनीची अक्कल काढली होती, दुसऱ्यावर लेखकाची. तिसऱ्यावर मागणी होती: शेवटचा भाग मूळ हशासह पुन्हा दाखवावा. खाली सहीसाठी दोन रेघा मारल्या होत्या. एकीखाली 'प्रेक्षक', दुसरीखाली 'हसणारी'.

बायको खिडकीपाशी इस्त्री करत होती. तिने उभ्या उभ्या तिन्ही पाने वाचली, ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दाखवल्या आणि पत्र परत दिले.

"सही राहिली," तो म्हणाला.

"नको."

"अगं, आवाज तुझा खाल्लाय त्यांनी. माझा नाही."

"माझा कुठे खाल्लाय?" तिने शर्टाची बाही सरळ केली. "खोटी सही कशाला करू? ती मी नाहीये."

मेहुण्याने पेपर वर उचलला. आता त्याचे फक्त टक्कल दिसत होते.

"मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं तुला. ही तूच ना? तू 'असेन' म्हणालीस. या कानांनी ऐकलंय मी."

"'असेल' म्हणाले होते."

"असेन."

"असेल. ल."

इस्त्रीने वाफ सोडली. ज्यांना न आणि ल यांतला फरक कळत नाही, त्यांना तो स्वतः दोन्ही कानांची यंत्रे लिहून देत असे.

"सतरा वर्षं बोलली नाहीस?"

"कधी बोलणार? पाहुणे असायचे. टीव्हीचा आवाज वाढवलेला असायचा."

"आणि पास?"

"दारात एक बाई उभी होती. आत सोडत नाहीत म्हणून रडत होती. दिला तिला."

त्याने पत्राकडे पाहिले. 'हसणारी' हा शब्द त्याने खाली दोनदा अधोरेखित केला होता.

"मग त्या दिवशी चित्रीकरणाचे चार तास तू होतीस कुठे?"

बायकोने शर्टाची घडी घातली आणि दुसरा शर्ट पसरला. मेहुण्याने पेपर खाली घेतला.

"आमच्याकडे," तो म्हणाला. "झोपायला आली होती."