बांधावरचा यंत्रमानव

ट्रकच्या वायपरची मोटार एक, तुमसरच्या भंगारातून आणलेली. बारा व्होल्टची जुनी बॅटरी एक. सायकलच्या फ्रेमचे तुकडे चार, बिजागऱ्या तीन, डोक्यासाठी तुपाचा रिकामा डबा. आणि बापाची, देवाजीची, बंडी, धोतर, दुपट्टा. एवढ्या सामानातून घनश्यामने बांधावर माणूस उभा केला होता.

घनश्याम तुमसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होता आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आला होता. माणूस जोडण्याआधी त्याने दोन सकाळी बापाची धानाची राखण नुसती बसून पाहिली. देवाजीचा उजवा हात सरळ वर जात नसे. आधी कोपर बाहेर यायचे, तिथे क्षणभर अडकायचे, मग हात डोक्यावर जायचा. ते अडकणे मोटारीत उतरवायला घनश्यामला दोनदा दांडा बदलावा लागला.

देवाजीच्या खांद्याने गोफण केव्हाच सोडली होती. दसऱ्यापासून ओरडून ओरडून घसाही बसला होता. पण तो बांधावर उभा राहून हात उचले, तेवढ्यानेच राघूंचा सगळा थवा धानातून उठत असे. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो हात उचलत होता.

"कर बाबू सुरू," देवाजी घोगऱ्या आवाजात म्हणाला.

घनश्यामने तार जोडली. कोपर बाहेर आले, अडकले, हात वर गेला. राघू एकदम उठले आणि बोडीच्या तळ्यापलीकडच्या मोहाच्या झाडावर जाऊन बसले.

शेजारच्या धानाच्या बांधीतून मारोतराव ओरडला, "देवाजीभाऊ, तुमच्यापेक्षा हाच बरा जी! बिडी तं मांगत नाई."

"मांगन, मांगन," देवाजी म्हणाला. "अजून नवा आहे."

तो घरी गेला आणि भर दिवसा झोपला. कुंताबाई दुसऱ्यांच्या धानकापणीवरून परतली तेव्हाही तो झोपलेलाच होता. तिने वाकून त्याचा श्वास चालू आहे का ते पाहिले.

"उठवू नोको त्याईले," ती घनश्यामला म्हणाली. "महिना झाला, आज पाठ टेकली."

"आता रोजच झोपू दे आई. त्यासाठीच केलं ते."

देवाजी पुढचे दिवसही झोपला. उठला की जेवायचा, अंगणात बसून बांधावरच्या आपल्या बंडीकडे पाहायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा.

तिसऱ्या दिवशी दोनचार राघू धानात उतरले. घनश्यामने मोटारीच्या जोडणीत फेरफार केला. हात आता कधी लवकर उठे, कधी उशिरा. अर्धा दिवस त्याचा उपयोग झाला. मग एक राघू डब्यावर येऊन बसला, त्याच्यामागून दुसरा हातावर. हात वर जायला लागला की तो पंख न उघडता खांद्याकडे सरके, हात खाली आला की परत बोटांकडे जाई. खाली बाकीचे लोंब्या तोडत होते. खाण्यापेक्षा टाकतच जास्त होते.

सुट्टी संपली. घनश्यामला त्या दिवशी चारची एस.टी. गाठायची होती. दुपारी त्याने तार काढली, बंडी आणि धोतर उतरवले आणि सांगाडा बांधाआड आडवा करून ठेवला. कापणीला अजून आठवडा होता. घरचे वर्षभराचे खायचे धान याच बांधीत उभे होते.

देवाजी झोपेतून उठून आला. डोळे अजून जड होते.

"काहून काढला बाबू? हालून तं राहिला होता."

"नुसता हालतो बाबा. गोटा फेकत नाही, धावत नाही. त्यांना कळलं ते."

"मंग काय झालं? मी आहो ना. तू जाय, गाडी चुकन."

"आईले थांबवतो राखणीला."

"अन् मजुरी? इतके दिवस झोपलो, आता काय मरतो का मी?" देवाजी हसला. हसताना त्याला खोकला आला. "दे इकडं ते बंडी."

बंडी उन्हाने तापलेली होती. पाठीवर पाखरांची विष्ठा वाळली होती, ती त्याने नखाने खरवडली. दुपट्टा डोक्याला गुंडाळला आणि यंत्र उभे होते तिथे, दाबलेल्या मातीवर, जाऊन उभा राहिला. तिथून सगळी बांधी दिसत होती.

घनश्याम बांधाच्या कडेला बसला. जवळच्या कोपऱ्यातले राघू त्याने मोजले. एक्केचाळीस होते.

देवाजीचे कोपर बाहेर आले, अडकले, हात वर गेला.

तीन राघू उडाले.

देवाजीने हात तसाच वर धरला. नंतर खाली घेतला, खांदा चोळला आणि मुलाकडे पाहिले.

"मी दिसलो नसन त्याईले," तो म्हणाला.

दोन पावले पुढे, धानाच्या अगदी कडेला जाऊन त्याने पुन्हा हात उचलला. ओरडण्यासाठी तोंड उघडले. नुसती हवा आली.

उरलेल्या अडतिसांतला एक उडाला. तो देवाजीपासून सात फुटांवर बसला.