चौथी जागा

नव्या राज्यात प्रत्येकाच्या डोक्यावर छप्पर असेल, असं साहेबांनी चांदनी गावात येऊन गंभीरपणे सांगितलं. छप्पर पत्र्याचं निघालं, तेही पाडलेल्या कापसाच्या जिनिंगचंच.

त्या जिनिंगमध्ये सरुबाईनं वीस वर्षं कापूस निवडला होता. आता त्याच जागेवर तिला खोली मिळाली. दुसरा आसरा नव्हता. रोज दिवस मावळायच्या आत ती जमीन सारवी, आणि सकाळी ओल्या शेणात भिंतीशी ओळीनं पावलं उमटलेली दिसत, उकिडव्या बसलेल्या बायांची. अकरा जोड्या. दारापासून चौथी जागा तेवढी रिकामी.

"तुयेच पाय असतीन, माय," शेजारची गोदाबाई म्हणाली.

"मी एकटी काय अकरा जागी बसू?"

कापूस निवडताना चौथी जागा सरुबाईची असे. ओळीतल्या बाकीच्या अकराजणी पटकीच्या साथीत गेल्या होत्या.

तिनं ओव्हरसियर विनायकरावांना सांगितलं. ते म्हणाले, "खोली नको तर तसं लिहून द्या, बाई. मागे चाळीस अर्ज पडलेत."

सरुबाईनं लिहून दिलं नाही. जमीन सारवून, कुलूप लावून ती गोदाबाईकडे झोपली. सकाळी विनायकरावांसमोर कुलूप उघडलं. जोड्या बारा होत्या. चौथीच्या डाव्या पावलाला करंगळी नव्हती, सरुबाईच्या पावलाला नव्हती तशीच.

विनायकरावांनी टेप काढून खोली मोजली. दहा बाय बारा भरली, नकाशाप्रमाणे.