पाठीशी बसणारी

शेवटी हद्दाने शेळ्याही सोडल्या. बाई अडली की घरात एकही गाठ बांधलेली राहू द्यायची नाही, ही ॲटलसच्या डोंगरातली रीत. सुनेची वेणी सुटली, पेट्यांची कुलुपं निघाली, पिठाच्या पोत्याची सुतळीसुद्धा निघाली. आता शेळ्या शेजाऱ्याच्या जवात शिरल्या होत्या आणि सून तुदा मात्र होती तिथेच अडली होती.

"बाळ सरळ आहे," सुईण वैतागून म्हणाली. "ही पोरगीच कळ दाबून धरतेय."

भिंतीला टेकून, तुदाला मागून कवेत घेऊन इत्तो बसली होती. ती सुईण नव्हे. गावात कुणाला कळा लागल्या की हातातलं काम टाकून यायचं आणि बाईच्या पाठीशी बसायचं, एवढंच ती करी.

"हद्दा, त्या शेळ्या आवर आधी. नाहीतर नातवंडाचं नाव ठेवायला शेजारी काठ्या घेऊन येतील."

हद्दा बाहेर धावली. तशी तुदा कुजबुजली, "मावशी, मी जोर नाही लावणार. माझी आई यातच गेली. मीच मारलं तिला."

इत्तोने तिला आणखी घट्ट धरलं. या पोरीपुढे तिच्या आईचा विषय गावात कुणी काढत नसे.

"कुणी सांगितलं तुला? तू झालीस तेव्हा तुझ्या आईच्या, इज्जाच्या पाठीशी मीच होते. तुला छातीशी घेऊन हसली ती. म्हणाली, 'नाक बघ, अगदी सासऱ्याचं! आता जन्मभर बघावं लागणार!' मग ताप चढला, आणि बर्फाने घाट बंद. तापाने नेलं गं तिला, तू नाही. आज घाट उघडा आहे, खाली तुझा नवरा गाडी घेऊन उभा आहे. कळ आली की सोड."

तुदा आधी रडली. मग अशी ओरडली, की अंगणात हद्दाने धरलेली शेळी हातून सुटली.

पोरीचा सगळा भार इत्तोच्या छातीवर आला, आणि इत्तोला आपलं पहिलं बाळंतपण आठवलं. माहेर डोंगरापलीकडे, सासरी कुणाशी धड ओळख नाही. शेजारची इज्जा हातांना लागलेली कणीक तशीच घेऊन आली होती आणि न विचारता मागे बसली होती. कणकेचा तो वास, कानाशी तिचं ते गुणगुणणं. तसा आधार इत्तोला पुन्हा कधी मिळाला नाही. तेव्हापासून ती तो इतरांना देत फिरत होती.

दुपारी मुलगी झाली. हद्दाने मेथी घालून कोंबडी शिजायला टाकली आणि सुईण हात धुऊन गेली.

"मावशी," पडल्या पडल्या तुदा म्हणाली, "वरच्या आळीतल्या त्या नव्या सुनेचे दिवस भरत आलेत ना? तिचं इथे कुणीच नाही. तिच्या पाठीशी मी बसेन."

"आधी स्वतः तर उठून बस!" इत्तो हसत म्हणाली, आणि एकदम तिचे डोळे भरून आले.

"काय झालं गं मावशी?"

"माझा थोरला झाला, त्या दिवशी मीही असंच म्हणाले होते. आणि तुझ्या आईने मला हेच उत्तर दिलं होतं."