आतली कडी

मोबाईलवर मनाच्या डॉक्टरांची वेळ झाली तशी मालुबाईंनी सुनेच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि स्वतः आतच बसल्या. "गल्लीत कळाय नको गं."

पूर्णिमानं उठून दार सताड उघडलं. "देवरुषाकडं नेलतासा तवा अख्खं कंग्राळी गाव गोळा झालतं, आत्या. सगळ्यांसमोर केस सोडून मला घुमवलं. तवा दार लावायचं कसं सुचलं न्हाय?"



तेवढ्यात स्क्रीनवर डॉक्टरीणबाई आल्या. "पहिलीच भेट आहे, म्हणून विचारते. खोलीत आणखी कोणी आहे का? तुमचं बोलणं फक्त मीच ऐकायचं, असा आमचा नियम आहे."

"एक मिनिट हं, डॉक्टर."

पूर्णिमानं सासूला हाताला धरून बाहेर नेलं. मग आत येऊन तेच दार लावलं आणि कडी घातली.