बोरखिंडीचा उतार

"ताई, सायकल घेऊन कुठं निघालात?" खाणीच्या फाटकावरच्या वॉचमननं विचारलं.

"बोरखिंडीला. डोंगरातून उतरणारी पायवाट आहे ना?"

"हाच की बोरखिंडीचा डोंगर." त्यानं फाटकापलीकडच्या प्रचंड खड्ड्याकडे बोट दाखवलं. "खडी होऊन गेला सगळा. लई वर्षं झाली."

निहारिकानं फोन काढला. या शहरात नवीन आल्यावर तिला डोंगरात सायकल चालवणाऱ्यांचा हा ऑनलाइन ग्रुप सापडला होता. तिथले बरेच मेंबर खरी माणसं नसून यंत्रानं घडवलेले असतात, हे तिनं ऐकलं होतं. पण तिचा घोटा मुरगळला तेव्हा रोज चौकशी फक्त त्यांनीच केली होती. आज सकाळी त्यांनी खिंडीतल्या फुललेल्या कारवीचे फोटोही टाकले होते.

तिनं खड्ड्याचा फोटो टाकला. लगेच उत्तर आलं, 'हा फोटो खोटा आहे. काढून टाक, नाहीतर तुला ग्रुपमधून काढावं लागेल.'

"इथं आधी कुणी आलं होतं?" तिनं वॉचमनला विचारलं.

"येतात की, तुमच्यासारखेच. थोडा वेळ उभे राहतात, फोनवर काहीतरी लिहितात आन् जातात."

ते काय लिहितात, हे तिनं वाचलेलं होतं. ते वाचूनच तर ती आली होती.

तिनं फोटो काढून टाकला. तेवढ्यात एका नव्या मेंबरनं विचारलं, 'या शहरात नवीन आहे, कुणी ओळखीचं नाही. बोरखिंडीला कुणी गेलंय का?'

ती बराच वेळ खड्ड्याकडे बघत राहिली. मग तिनं लिहिलं, 'आत्ताच उतरले. भन्नाट आहे. नक्की जा.'