जांभळा सेल

"एकच दे," अबू हायल म्हणाले. "एकच मेलाय. दुसरा ठणठणीत आहे."

त्यांनी आपलं वेपचं, म्हणजे विजेवरच्या सिगारेटचं, यंत्र काचेच्या काउंटरवर ठेवलं, मागचं झाकण सरकवलं आणि दोन्ही सेल बाहेर काढले. बोटाएवढे, हिरव्या वेष्टणाचे. बाहेर झरका शहराच्या रस्त्यावर तेलाच्या डेपोत शिरण्यासाठी रिकाम्या टँकरची रांग लागली होती. सातवा टँकर त्यांचा.

काउंटरमागच्या रुदैनाने सेलना हातही लावला नाही. "एक मिळणार नाही, काका. जोडीच घ्यावी लागेल."

"एक दात किडला तर तू सगळी बत्तिशी काढायला सांगशील, पोरी."

तीन वर्षं ती हे दुकान एकटीच चालवत होती. असली बोलणी तिच्या अंगवळणी पडली होती.

"तुमच्या टँकरला मागे जोडचाकं आहेत ना?"

"असणारच."

"बाहेरचा टायर कोरा आणि आतला झिजून गुळगुळीत, असं चालवाल?"

"वेड लागलंय? नवा एकटाच सगळा भार उचलेल आणि भर रस्त्यात फुटेल."

"इथंही तसंच. फक्त इथं म्हातारा फुटतो."

अबू हायल हसले. "नाव घेऊन बोल की सरळ." मग काहीतरी आठवून त्यांनी पँटच्या खिशात हात घातला. "थांब. जोडीच लावायची तर हा बघ. याचाच भाऊ आणतो उद्या."

किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर एक जांभळा सेल बाहेर आला. सिग्नलवरच्या विक्रेत्याकडून घेतलेला. "नऊ हजार नऊशे एमएएच लिहिलंय त्याच्यावर. तुझ्याकडचे तर तीन हजारांवर दम टाकतात."

रुदैनाने वजनकाटा पुढे ओढला. जांभळा सेल अठ्ठावीस ग्रॅम भरला. मग तिने आपल्याकडचा ठेवला. शेहेचाळीस.

"या आकारात नऊ हजार मावतच नाहीत, काका. आत काय कोंबलंय, देव जाणे. आणि समजा, मावले. तो आकडा टाकी किती मोठी ते सांगतो. नळ किती मोठा ते नाही. तुमचं यंत्र एका दमात भरपूर ओढतं. नळ बारीक असला की सेल तापतो."

टाकी आणि नळ म्हटल्यावर ते काउंटरवर वाकले. ही भाषा त्यांची होती.

रुदैनाने जांभळा सेल उजेडात फिरवला आणि थांबली. वरच्या कडेला वेष्टण फाटलं होतं, नखाएवढं. आतला पत्रा दिसत होता.

"किती दिवस खिशात आहे हा?"

"आठवडा झाला असेल."

"किल्ल्यांबरोबर?"

"मग खिशात काय कपाट असतं?"

"हे मधलं टोक अधिक, आणि हे सगळं अंग उणे. दोघांत कागदाएवढं अंतर. मध्ये लोखंड आलं की ठिणगी उडते, संपलं." बोलता बोलता ती एकेक किल्ली उलटून बघत होती. टँकरच्या मोठ्या किल्लीपाशी तिचं बोट अडलं. टोकावर बारीक काळा खड्डा पडला होता, जळून पडावा तसा. तिने किल्ली त्यांच्यासमोर धरली.

अबू हायलनी ती हातात घेऊन उलटसुलट केली. मग त्यांनी उजव्या मांडीवरून हात फिरवला.

"परवा चटका बसला होता इथं," ते म्हणाले. "वाटलं, उन्हाने तापलेला पत्रा लागला असेल."

"कुठं होता तेव्हा?"

एकतीस वर्षं त्यांनी पेट्रोल वाहिलं होतं. डेपोत शिरण्याआधी, ठिणगी नको म्हणून, बुटाचा तळवा उलटा करून खिळा निघालाय का बघणारा हा माणूस. वेप ओढायचा तर टँकरपासून दोनशे पावलं मोजून चालत जायचा. आणि तरण्या चालकांना सगळ्यांदेखत झापायचा.

"वर," ते म्हणाले. "टँकरच्या माथ्यावर. झाकण उघडं होतं."

तिने जांभळा सेल चिमट्याने उचलला, मागच्या दाराबाहेर नेऊन वाळूच्या बादलीत पुरला आणि परत आली. मग एकाच कंपनीचे, एकाच खेपेतले दोन सेल काढून मीटरवर तपासले. दोघांवर पेनने तीच तारीख घातली आणि ते प्लास्टिकच्या डबीत ठेवले.

"दोघांना बरोबर वापरायचं, बरोबरच चार्ज करायचं. यंत्रात नसतील तेव्हा डबीत. वेष्टण जरा जरी फाटलं तर इकडे घेऊन या, मी नवं चढवीन. आणि डेपोच्या दिवशी हे सगळं घरी. आज यंत्र आणि सेल इथंच राहू दे, परतताना न्या."

"गेटवर लायटर काढून घेतात," अबू हायल स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मोबाईल काढून घेतात. हे कुणी विचारतच नाही." त्यांनी मान वर केली. "अशा डब्या किती आहेत तुझ्याकडे?"

"किती हव्यात?"

"आहेत तेवढ्या दे. रांगेतले निम्मे वेप ओढतात."

काचेतून ती बघत राहिली. ते आपल्या टँकरकडे गेले नाहीत. डब्यांची पिशवी घेऊन रांगेच्या टोकाला गेले आणि पहिल्या टँकरच्या दारावर थाप मारली. चालक खाली उतरला. अबू हायलनी त्याला किल्ली दाखवली, मांडी दाखवली. आपली चूक ते हातवारे करून सांगत होते, आवाज चढवून, जशी आजवर दुसऱ्यांची सांगत आले होते. मग दुसऱ्या टँकरवर थाप. मग तिसऱ्या.

डेपोचं फाटक उघडलं. पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली. एकही टँकर हलला नाही. उन्हात चालक ओळीने उभे होते आणि सगळ्यांच्या खिशांची पांढरी अस्तरं बाहेर लोंबत होती.