चर्चचा वाटा

नवऱ्याचं प्रेत अजून घरातच होतं, तोच जमीनमालक बॅरनचा कारभारी हॅविसच्या गोठ्यात शिरला. कूळ मेलं की त्याचं सर्वांत चांगलं जनावर बॅरनचं, अशी तिथली रीत होती. कारभाऱ्याने दुभती गाय सोडून नेली. हॅविस पुन्हा प्रेताशी जाऊन बसली.

मग पाद्री आला. त्याने मृताच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना म्हटली, तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"त्याखालोखालचं जनावर चर्चचं असतं," पाद्री मायेने म्हणाला. "मेंढी नेतो."

"नाही दिली तर?"

"त्याला चर्चच्या पवित्र भूमीत पुरता येणार नाही."

हॅविसचं रडू थांबलं. तिला शिसारी आली. ओल्या फडक्याने तिने नवऱ्याचं कपाळ घासघासून पुसलं आणि मेंढवाड्यामागे खड्डा खणायला कुदळ उचलली.